मायची पिशवी आणि माझी सही

(सावित्रीमाई फुले जयंतीनिमित्त महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका बैठकीत केलेलं भाषण. बोलताना झालेल्या पुनरुक्त्या तेवढ्या काढल्या आहेत.)



आयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, गर्भाशयातला पॉलिप. फोनवर थोडा वेळ कोणी बोललंच नाही. मग एका भावानं हळूच विचारलं, 'ताई, एखादा सामाजिक विषय घेता येईल का?' तर हा सामाजिकच विषय आहे, का ते आज सांगते. मागच्या रांगेतल्या मुलांनी उठून जायचं नाही. आई-बहिणीची फाईल घेऊन दवाखान्यात बहुतेक वेळा तुम्हालाच पाठवतात.

मी दिल्लीत एका सरकारी रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर आहे, स्त्रीरोग विभागात. पण गोष्ट सुरू होते बीड जिल्ह्यात, २००७ साली. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. घरात पहिली पदवी माझीच होणार होती. दिवाळी आली की माय-दादा कोयता घेऊन साखर कारखान्याला जायचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल आधी घ्यायची, ऊस नंतर तोडायचा. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. कोपीत राहायचं, प्यायच्या पाण्याची मारामार, संडास नाहीच.

त्या वर्षी मायच्या अंगावरून फार जायला लागलं. पाळी आठ-दहा दिवस चालायची, थांबायची आणि मध्येच पुन्हा डाग दिसायचे. तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? खाडाच. लुगड्याच्या घड्या करून बांधायची आणि मोळी उचलायची. उन्हाळ्यात टोळी गावाला परत आली तेव्हा ती पायऱ्या चढताना धापा टाकत होती.

आम्ही तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली. रिपोर्ट इंग्रजीत. दादांना वाचता येत नाही, मायला येत नाही. माय म्हणाली, 'तू शिकलीस ना, तूच बघ काय लिवलंय.' मी वाचलं. त्यात एक शब्द माझ्या ओळखीचा निघाला, पॉलिप. मला केवढा आनंद झाला! आम्हाला अभ्यासाला होता तो. हायड्रा, ओबेलिया, पॉलिप आणि मेड्युसा. पाण्यातल्या त्या नळीसारख्या जिवाची आकृती मी डोळे मिटून काढू शकत होते. तो शब्द माझ्या आईच्या पोटात काय करतोय, हे मात्र मला ठाऊक नव्हतं, आणि डॉक्टरांना विचारायची छाती झाली नाही.

डॉक्टर म्हणाले, 'गाठ आहे. ठेवली तर उद्या कॅन्सर होईल. लेकरं झालीत ना? मग पिशवीचं आता काय काम?' मायचं वय तेव्हा छत्तीस होतं.

फॉर्मवर मायचा अंगठा घेतला आणि खाली नातेवाईक म्हणून मी सही केली. इंग्रजीत केली, जरा ऐटीतच. पैसे मुकादमाकडून आणले, पुढच्या उचलीत धरून. सहा महिन्यांत माय परत फडात उभी होती.

मायला जे झालं होतं ते काय होतं, हे मला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षात समजलं. तेच आता तुम्हाला सांगते, आणि जरा सावकाश सांगते.

गर्भाशय साधारण आपल्या मुठीएवढं असतं. बाहेरून जाड स्नायू, आत पोकळी, आणि त्या पोकळीला आतून एक मऊ अस्तर. हे अस्तर दर महिन्याला वाढतं आणि पाळीत गळून जातं. कधीकधी त्या अस्तराचा एखादा भाग गळत नाही. तो तिथंच वाढत राहतो, त्यात एखादी रक्तवाहिनी शिरते आणि मांसाचा एक कोंब तयार होतो. कधी देठावर लटकलेला, कधी बुडाशी पसरट. काही मिलिमीटरचा असतो, क्वचित काही सेंटिमीटरचा. एक असतो किंवा चार-पाच. याला एंडोमेट्रियल पॉलिप म्हणायचं. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याला वाढवतं. चाळिशी-पन्नाशीत जास्त दिसतो, विशीच्या आत क्वचित. वजन जास्त असेल, रक्तदाब असेल, किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन नावाची गोळी चालू असेल, तर शक्यता वाढते. तो नेमका का होतो, हे सगळं अजून उलगडलेलं नाही. पण बाईनं काही चुकीचं केलं, जड उचललं, विटाळ पाळला नाही, म्हणून तो होत नाही, हे पक्कं.

विटाळ शब्द आलाच आहे तर थांबते. पाळी आलेल्या बाईला आणि आपल्या अख्ख्या वस्तीला या देशानं एकच शब्द लावला. तो शब्द आपण वस्तीवरून खोडून काढायला किती लढलो! पण घरात तोच शब्द बाईसाठी अजून वापरतो. बाई अंगावरून जातंय हे सहा-सहा महिने बोलत नाही, त्याचं मूळ इथंही आहे. हे फक्त डॉक्टरांच्या माथी मारता येणार नाही.

तर पॉलिपची लक्षणं. दोन पाळ्यांच्या मध्ये डाग, पाळी जास्त जाणं, पाळीचं वेळापत्रक बिघडणं, काहींना दिवस न राहणं. आणि पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं. बऱ्याच जणींना काहीच होत नाही, दुसऱ्या कशासाठी सोनोग्राफी केली आणि दिसला, असं होतं.

दुसरा प्रकार पिशवीच्या तोंडावरचा. गर्भाशयाचं तोंड, म्हणजे सर्व्हिक्स, योनीत उतरलेलं असतं. तिथून थेंबासारखा लाल किंवा गुलाबी, मऊ कोंब लोंबतो. हात लागला की रक्त येतं. म्हणून या बाईची तक्रार अशी असते की संबंधानंतर रक्त जातं, किंवा पांढऱ्याबरोबर लालसर जातं. हा पॉलिप पाहायला सोनोग्राफी लागत नाही. स्पेक्युलम नावाचं साधन लावून नुसतं पाहिलं की दिसतो, आणि बहुतेकदा ओपीडीतच चिमट्यात धरून पीळ दिला की निघतो. पाच-दहा मिनिटांचं काम. बाई चालत घरी जाते. मी रोज पाहते. अवघड एवढंच की त्यासाठी बाईला तपासावं लागतं, हात लावावा लागतो. मी असे डॉक्टर पाहिलेत जे टेबलापलीकडून कपडे बघतात, आडनाव ऐकतात आणि न तपासताच सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून देतात.

आता कॅन्सरचं. सगळी भीती या एका शब्दाची असते. गर्भाशयातले शंभर पॉलिप काढून तपासले तर पंच्याण्णवहून जास्त साधे निघतात. तोंडावरच्या पॉलिपात कॅन्सर त्याहूनही क्वचित. धोका वाढतो तो पाळी गेल्यानंतर आणि त्यातही रक्तस्राव असेल तेव्हा. म्हणून काढलेला प्रत्येक पॉलिप प्रयोगशाळेत पाठवायचाच. त्याला हिस्टोपॅथॉलॉजी म्हणतात, कागदावर नुसतं एच.पी.ई. लिहितात. तो रिपोर्ट आला की मगच पुढचं ठरतं. पेशी बिघडलेल्या निघाल्या, कॅन्सर निघाला, तर पिशवी काढावी लागू शकते आणि तेव्हा काढलीच पाहिजे. मी ऑपरेशनच्या विरोधात बोलत नाहीये, हे नीट ऐका. नाहीतर उद्या कोणी आजी पन्नाशीनंतर रक्त जात असूनही घरी बसायची आणि म्हणायची की त्या नर्सबाईनं सांगितलं होतं, काढू नका. पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि रक्ताचा एक थेंब जरी दिसला, तर तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या.

पण माझ्या मायचा एच.पी.ई. रिपोर्ट कधी आलाच नाही. पिशवी तपासायला पाठवली होती की नाही, हेही कोणी सांगितलं नाही. फाईलमध्ये ऑपरेशनचं बिल आहे आणि डिस्चार्जचं कार्ड आहे. त्या कार्डावर ऑपरेशनचं पूर्ण नाव आहे. ते मी नर्सिंगला आल्यावर पुन्हा वाचलं. टोटल ॲबडॉमिनल हिस्टरेक्टॉमी विथ बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी. म्हणजे पोट उघडून गर्भाशय काढलं, आणि त्याबरोबर दोन्ही बीजनलिका आणि दोन्ही बीजकोशही काढले. छत्तिसाव्या वर्षी बीजकोश काढले की दुसऱ्या दिवसापासून बाईची रजोनिवृत्ती सुरू होते. अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. त्यावर औषधं देतात, पण मायला कोणी काही दिलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती ओट्यावरून घसरली, हात टेकवला आणि मनगट मोडलं. लोक म्हणाले, वय झालं.

१४ मिलिमीटरचा पॉलिप होता तो. चण्याच्या दाण्याहून थोडा मोठा.

मला कसं कळलं की एवढ्याशानं भागलं असतं? कारण पस्तिसाव्या वर्षी मलाही पॉलिप झाला. मध्येच डाग दिसायचे. आमच्याच विभागात सोनोग्राफी झाली. मॅडम म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी ये. योनीमार्गातून पेन्सिलीएवढी बारीक दुर्बीण आत जाते, त्याला हिस्टेरोस्कोपी म्हणतात. सलाईननं पोकळी फुगवतात, पडद्यावर आतलं सगळं दिसतं, आणि पॉलिप देठापासून कापून बाहेर काढतात. पोटावर चीर नाही, टाका नाही. सकाळी उपाशी गेले, संध्याकाळी भाजी-पोळी खाऊन झोपले. चार दिवस डाग दिसले. दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला, साधा पॉलिप. तो पुन्हा होऊ शकतो, हे मला सांगितलंय, म्हणून लक्ष ठेवते. बस्स.

माय त्या वेळी दिल्लीला आली होती माझ्याजवळ. तिला मी सगळं समजावून सांगितलं. तिनं विचारलं, 'माझा बी असाच व्हता का?' मी म्हटलं, हो, असाच. ती गप्प झाली. मग म्हणाली, 'मग माझी पिशवी कामून काढली?'

तिनं मला कधी दोष दिला नाही. सही माझीच होती, हे ती विसरली असेल असं मी बरेच दिवस समजत होते. विसरलेली नाही.

पॉलिपवर नेहमी काही करावंच लागतं असंही नाही. लहान असेल, त्रास नसेल, पाळी चालू असेल, तर काही महिने थांबून पुन्हा सोनोग्राफी करायची. एक सेंटिमीटरच्या आतले काही आपोआप नाहीसे होतात. आणि पूर्वीची क्युरेटिंग, म्हणजे आत न बघता खरवडणं, त्यात पॉलिप बरेचदा निसटून मागे राहतो. मग बाई पुन्हा येते आणि तिला सांगतात, 'बघा, औषधानंही नाही गेलं, क्युरेटिंगनंही नाही गेलं, आता पिशवीच काढावी लागेल.' वाक्य तर्कशुद्ध वाटतं. दुर्बीण लावून बघितलेलंच नसतं.

मायचं एवढ्यावर भागलं असतं, तरी ती पिशवी काढायला तयार झाली. ते 'गाठ' या एका शब्दामुळे. मराठीत सगळंच गाठ. अस्तराचा पॉलिप गाठ. स्नायूतला फायब्रॉइड, जो वेगळा आजार आहे आणि कॅन्सर जवळजवळ कधीच नसतो, तोही गाठ. बीजकोशातली पाण्याची पुटकुळी गाठ. आणि कॅन्सरही गाठच. वाड्या-वस्त्यांवर गाठ म्हटलं की ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं. हिंदीतही 'गांठ'. आमच्या ओपीडीत बिहारची, पूर्व उत्तर प्रदेशची, राजस्थानची बाई येते आणि म्हणते, 'बच्चेदानी में गांठ है, निकलवानी है.' आधीच ठरवून आलेली असते. बच्चेदानी म्हणजे बच्चे ठेवायचं भांडं. आपली पिशवी. तेलुगूतही गर्भसंचीच. सगळ्या भाषांत भांडी आणि पिशव्या. काम झालं की पिशवी टाकून द्यायची असते ना, तसं. म्हणून मी आता मुद्दाम गर्भाशय म्हणते. बाया हसतात, म्हणतात, शाळेतला शब्द आहे. असू दे.

रिपोर्ट वाचायचं शिका. तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात, कागद तुमच्याच हातात येणार. पहिलं बघा, सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली. अस्तराची जाडी, म्हणजे एंडोमेट्रियल थिकनेस, पाळी संपल्या-संपल्या काही मिलिमीटर असते आणि पुढची पाळी येण्याआधी चौदा-पंधरापर्यंतही जाऊ शकते. ते नैसर्गिक आहे. पंचविसाव्या दिवशी सोनोग्राफी करून 'अस्तर जाड झालंय' असं घाबरवलं, तर म्हणा, पाळी संपल्यावर दहाव्या दिवसाच्या आत पुन्हा करू. पॉलिप दिसायलाही तीच वेळ चांगली. पाळी कायमची गेलेल्या बाईचं मात्र वेगळं. तिला रक्त जात असेल आणि अस्तर चार मिलिमीटरहून जाड असेल, तर पुढचा तपास हवाच.

'बल्की युटेरस' हा शब्द हमखास असतो. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच. नुसत्या या शब्दावर ऑपरेशन होत नाही. 'नॅबोथियन सिस्ट' लिहिलेलं असतं. तोंडावरच्या ग्रंथी बुजून झालेल्या त्या पुटकुळ्या असतात, निरुपद्रवी, त्यावर काही करायचं नसतं. 'इरोजन' लिहितात आणि 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' असं सांगतात. बऱ्याचदा ती जखम नसते, आतलं नाजूक अस्तर बाहेर दिसत असतं एवढंच. त्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी मात्र वेगळी असते आणि ती जरूर करून घ्या. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. व्हिनेगरसारखं द्रावण लावून तोंड बघतात, दोन मिनिटं लागतात.

आणि हिमोग्लोबिन. सहा-सात हिमोग्लोबिनवर ऊस तोडणारी, विटा उचलणारी बाई मी पाहिली आहे. तिचा थकवा पिशवीमुळे नसतो, रक्त नसल्यामुळे असतो. तो थकवा दाखवून तिला पिशवी काढायला लावतात.

हे फक्त माझ्या मायचं नाही, म्हणून इथं बोलतेय. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात सोळा-सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचा आकडा शंभरात तीनच्या आसपास येतो. दोन्ही पाहण्यांतलं वयाचं गणित तंतोतंत सारखं नाही, तरी फरक केवढा आहे बघा. त्याच राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांनी कारण सांगितलं, पाळीत फार रक्त जायचं किंवा दुखायचं. म्हणजे पॉलिप जे लक्षण दाखवतो, तेच.

बीडचं नाव पेपरात आलं म्हणून सगळ्यांना बीड आठवतं. राजस्थानात दौसा आहे, छत्तीसगड आहे, बिहार आहे. बिहारमध्ये गरिबांच्या आरोग्य विमा योजनेच्या कार्डावर ही ऑपरेशनं झाली. डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये या तीन राज्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यात मांडलेलं होतं की या बाया बहुतांशी दलित, आदिवासी आणि मागास जातींतल्या आहेत. निकाल आला ५ एप्रिल २०२३ रोजी. न्यायालयानं सांगितलं की अनावश्यक गर्भाशय काढणं रोखण्यासाठी केंद्रानं २०२२ मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, आणि जी रुग्णालयं विनाकारण किंवा समजावून न घेतलेल्या संमतीवर ही ऑपरेशनं करतात त्यांना काळ्या यादीत टाकावं. याचिकेला दहा वर्षं लागली. त्या दहा वर्षांत ज्यांची ऑपरेशनं झाली त्यांचं काय, हे मला विचारू नका, मला राग येतो.

संमतीचं जरा जास्त सांगते, कारण तिथं माझी चूक झाली. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल आहे, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाईला पाळी लांबण्याचा त्रास होता. तिनं सही केली होती दुर्बिणीनं तपासायला. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय, बीजकोश, नलिका सगळं काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, सज्ञान बाईच्या शरीराबद्दल तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाची संमती चालत नाही, आईचीही नाही. तपासणीची संमती म्हणजे काढून टाकण्याची संमती नव्हे. जिवावरचं असेल तेवढंच वेगळं.

समीरा कोहलींच्या प्रकरणात आईनं मुलीसाठी संमती दिली होती. माझ्या बाबतीत मुलीनं आईसाठी सही केली. मायचा अंगठा होता, हे खरं. पण तिला कळेल अशा भाषेत कोणी सांगितलं होतं का, की पॉलिप नुसता काढता येतो? बीजकोशही जाणार आहेत? दुसरा काही मार्ग आहे? तिच्याशी कोणी बोललंच नाही. डॉक्टर माझ्याशी बोलले, कारण मी शिकलेली. आणि शिकलेली मी मान डोलावत राहिले, कारण कळलं नाही म्हणायची लाज वाटली. आपल्यातल्या पहिल्या पिढीची ही लाज तुम्हाला ओळखीची असेल. फॉर्मवरचा शब्द कळला नाही तरी कळल्यासारखं करायचं. माझ्या मायच्या बाबतीत ते महागात पडलं.

म्हणून कागदावर लिहून न्या आणि मोठ्यानं वाचून विचारा. गाठ नेमकी कुठं आहे, अस्तरात, स्नायूत, बीजकोशात की तोंडावर? किती मिलिमीटर? आत्ता काढली नाही तर काय होईल, थांबून बघता येईल का? दुर्बिणीनं नुसता पॉलिप निघेल का, इथं होत नसेल तर कुठल्या मेडिकल कॉलेजात होतं? काढलेला तुकडा तपासायला जाणार का, रिपोर्ट कधी मिळेल? गर्भाशय काढणार असाल तर बीजकोश ठेवणार ना? आणि एक वाक्य घरूनच पाठ करून न्या, 'आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून येतो.' पॉलिपचं ऑपरेशन त्याच रात्री करावं लागेल असं जवळपास कधीच नसतं. रक्त धो-धो जात असेल तर ते थांबवणं, रक्त चढवणं ही घाई. पिशवी काढणं ही घाई नव्हे. कोणी 'आज अ‍ॅडमिट व्हा, उद्या सांगता येणार नाही' म्हणालं, तर थोडं थांबा.

हे सगळं आईसमोर विचारा, तिला बाहेर बसवून नको. आणि उत्तर तिच्या बोलीत तिला पुन्हा सांगा. निर्णय तिचा.

सावित्रीमाई-जोतिबांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्तानं, मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीनं, १८५५ मध्ये ज्ञानोदयात निबंध लिहिला. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, त्या थंडी-वाऱ्यात कुडकुडतात, हे तिनं त्यात लिहिलं. लिहायला वाचायला येताच ती आधी आपल्या बायांच्या शरीराबद्दल बोलली, लाजली नाही. मला बी.एस्सी.ला हायड्रा शिकवला, मुक्ता कोणी शिकवली नाही. ती मला पुढं इथल्याच एका बैठकीत भेटली.

बोलून झालं माझं. प्रश्न विचारा, मुलांनीही विचारा. सगळ्यांसमोर नको असेल तर मी सहा वाजेपर्यंत मागच्या टेबलाशी बसलेली आहे. आईचे, मावशीचे रिपोर्ट फोनमध्ये असतील तर घेऊन या, काय लिहिलंय ते एकत्र वाचू. औषध मात्र मी लिहून देणार नाही, मी नर्स आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या ओपीडीला जायचं, ते सांगेन.